आमंत्रण दिलेले झाड

नर्मदाबाईंच्या बाहुल्या नवरात्रात मांडलेल्या पायऱ्यांवर बसत. पण त्यांचे जग सुरू होई ते सगळ्यांत खालच्या पायरीच्या पुढ्यात, जमिनीवर मांडलेल्या वनापासून. वर रक्तचंदनाची राजाराणी, खाली दशावतार, त्याखाली वाण्याचे दुकान, वरात आणि शिपायांची पलटण, हे सगळे दरवर्षी नवरात्रात त्याच ट्रंकेतून, त्याच जुन्या धोतरांच्या घड्यांतून बाहेर येई. वन मात्र दरवर्षी नवे. त्यातले काहीही विकत आणायचे नाही, असा त्या घराचा दंडक होता. शेवाळ भिंतीवरचे, वाळू नदीची, गवत तळ्याकाठचे, आणि डब्यांच्या झाकणांत पेरलेली नाचणी घरची. म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधल्या इतर घरांत तेव्हा हिरव्या रंगाचा भुसा आणि प्लास्टिकची झाडे येऊ लागली होती. ती पाहून आल्या की नर्मदाबाई म्हणत, "बाजारातलं वन. त्यात पांडव लपतील काय? दोन दिवसांत सापडतील!"

कारण त्यांच्या वनाच्या मधोमध शमीची फांदी उभी असे. म्हैसूरकर शमीला बन्नी म्हणतात, आणि संस्थानच्या घोडदळात पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेल्या या मराठी घरातही ती बन्नीच होती. शंकासुराच्या वाळलेल्या शेंगांच्या तलवारी, खराट्याच्या काडीचे धनुष्य, अशी बोटभर शस्त्रे फडक्यात बांधून पहिल्या माळेला त्या फांदीवर टांगायची आणि विजयादशमीच्या संध्याकाळी उतरवायची. पांडवांनी आपली शस्त्रे लपवली ती याच झाडावर, हे शेजारच्या मुलांना सांगताना नर्मदाबाईंचा आवाज असा खाली येई, की जणू अजूनही कुणी ऐकू नये.

फांदी येई ती समोरच्या रिकाम्या साइटवरून. साइट बेंगळूरच्या कुणाची. त्याने घर बांधले नाही, विकलीही नाही. घाणेरीच्या जाळीत एक म्हातारे बन्नीचे झाड उभे होते, भेगाळल्या सालीचे, राखी, आणि त्याची पाने इतकी बारीक की सावलीसुद्धा चाळून पडल्यासारखी पडे. दशमीच्या पहाटे शेजारचे गुंडेराव एकटे जात, पिशवीभर पाने आणत आणि घरोघर वाटत. निवृत्त माणसाला काहीतरी उद्योग हवा, असे लोक म्हणत.

त्या वर्षी नर्मदाबाईंचे गुडघे अगदीच धरले, म्हणून वन जमवायचे काम सुनेकडे आले. वनजाला या घरात येऊन चौथे वर्ष होते. नवरा, दत्तोजीराव, हासनला बँकेत. शनिवारी येई, सोमवारी जाई. मधल्या रिकाम्या दुपारी तिने वनाला देऊन टाकल्या. कुक्करहळ्ळीच्या तळ्याकाठून तिने तुरे आलेले गवत आणले. कुंपणाच्या काळ्या पडलेल्या भिंतीवरचे शेवाळ तिने सुरीने काढले नाही. भाकरी तव्यावरून सोडवावी तसे नखांनी, सावकाश सोडवले. तलकाडला नात्यातल्या लग्नाला गेली, तेव्हा देवळे पोटात घेऊन बसलेली तिथली वाळू रुमालात बांधून आणली आणि परतीच्या बसमध्ये ती गाठ मांडीवर धरून बसली. वस्तू उचलताना तिला अवघडल्यासारखे होई. ते अवघडलेपण तिला आवडे. आपल्या हाताला एक हळवेपण आहे, जे सगळ्यांच्या हाताला नसते, असे तिला त्या दिवसांत पुन्हा पुन्हा वाटले.

"फांदी उद्या पहाटे," अमावास्येच्या सकाळी नर्मदाबाईंनी गुडघ्याला निलगिरीचे तेल चोळत सांगितले. "गल्ली उठायच्या आधी जायचं. कोयता पदराखाली. आणि हे बघ, कुंकू नको, अक्षता नको, ऊदबत्ती नको. हातभर फांदी घ्यायची नि यायचं."

"झाडाला नमस्कार तरी?"

"मनात कर. मनातलं कुणाला दिसतं?"

"चोरासारखं वाटतं, आत्याबाई."

"वाटू दे. मी या घरात आल्यापासून त्या झाडाची चोरच आहे."

का, असे वनजाच्या ओठांवर आले होते. पण तेवढ्यात ट्रंकेचे झाकण उघडले, राणीच्या नथीचा मोती निसटल्याचे नर्मदाबाईंच्या ध्यानात आले, आणि दोघी मोती शोधू लागल्या. प्रश्न तिथेच राहिला. पुढे कितीतरी वेळा वनजाला तो मोती आठवला. तो सापडलाही होता, चटकन, चटईच्या काठाशी. सापडल्यावर विचारता आले असते.

तिचे वडील, नागोजीराव, चन्नरायपट्टणला झाडपाल्याचे औषध देत. कुठल्याही वनस्पतीचे मूळ किंवा साल घ्यायची तर ते आदल्या संध्याकाळी तिच्याकडे जात, बुंध्याशी सुपारी ठेवत, सूत बांधत आणि हात जोडून सांगत, की उद्या येतो. लहानपणी तिने विचारले होते, झाडाला काय कळतं? ते म्हणाले होते, "उद्या ज्याचं अंग तोडायचं, त्याला आज सांगायला नको का गं?" आयुष्यात ऐकलेले इतके सुंदर वाक्य दुसरे नाही, असे वनजाला वाटे. आणि समोर ही सासू, कोयता पदराखाली घेऊन जा म्हणणारी. गुडघे गेले, घाई मात्र गेली नाही, असे ती मनाशी म्हणाली. आणि या वर्षी तरी झाडाला कुणी विचारून घेईल, असे तिने ठरवून टाकले.

संध्याकाळी दुधाच्या निमित्ताने ती बाहेर पडली. सूत घरात सापडले नव्हते. गल्लीत शिवणकाम करणाऱ्या शांताक्कांनी तिचे पोलके शिवून दिले होते, केशरी, हिरव्या बारीक ठिपक्यांचे. उरलेले कापड त्यांनी घडी घालून परत दिले होते, त्याची एक पट्टी तिने सोबत घेतली. घाणेरीच्या काट्यांतून वाट काढत ती बुंध्यापाशी पोचली. सुपारी ठेवली, अक्षता ठेवल्या, सालीवर कुंकवाचे बोट ओढले, खोडाला पट्टी बांधली.

"उद्या पहाटे येते," ती हलकेच म्हणाली. "हातभर फांदी नेईन. रागावू नकोस."

वारा नव्हता, तरी वरची पाने हलली, असे तिला वाटले. रस्त्यावर एक स्कूटर गेली, तिचा उजेड झाडावरून पुसल्यासारखा गेला. वनजाचे डोळे भरून आले होते, आणि ते भरून आले याचाही तिला आनंद झाला होता.

पहाटे ती फांदी घ्यायला गेली, तेव्हा तिच्या सुपारीशेजारी एक पणती होती. विझलेली, पण तेल अजून ओले. दोन शेवंतीची फुलेही. आपण हाक दिली आणि कुणीतरी ओ दिली, असे तिला झाले. फांदी घेऊन ती घरी आली, नर्मदाबाईंनी ती निरखली, "बरी आणलीस," म्हणाल्या, आणि फडक्यातली शस्त्रे वर टांगली.

दुसऱ्या माळेला बुंध्यापाशी ऊदबत्तीच्या काड्या दिसल्या, केळी दिसली, आणि कुणीतरी हळद फासलेला एक दगड टेकवून ठेवला होता. शुक्रवारी बायका प्रदक्षिणा घालू लागल्या. वाटेपुरती घाणेरी कुणी तोडलीही. कॉलेजातल्या दोन मुलींनी दोरे बांधले, आणि नळावर थट्टा सुरू झाली, की चामुंडी राहू दे, आता पास करायचं काम बन्नीकडे. नर्मदाबाई आत खुर्चीवर. त्यांच्यापर्यंत नुसते आवाज पोचत.

"बाहेर कसली गं वर्दळ?"

"सणाची," वनजा म्हणाली.

खोटे नव्हते ते. पण त्या एका शब्दाच्या आड तिने काय ठेवले होते, ते तिला ठाऊक होते: झाडापाशी कोण पहिले गेले, हे तिचे गोड गुपित होते, आणि ते सासूपुढे उघडे करून "सांगितलं होतं ना, नको म्हणून" एवढे ऐकायची तिची तयारी नव्हती. तेव्हा सांगितले असते तर झाडावरचे सगळे पुसून टाकायला अजून वेळ हातात होता.

शनिवारी करवत आली. दोन माणसे, एक कुऱ्हाड, एक लांब करवत, आणि रस्त्याच्या कडेला स्कूटर लावून उभा असलेला एक तरुण. पहिला घाव पडला तेव्हा वनजा नाचणीच्या अंकुरांवर पाणी शिंपडत होती. ती बाहेर धावली. गुंडेराव गंजिफ्राकावरच रस्त्यात आले होते आणि हात हलवत ओरडत होते, "निल्लि! अरे, निल्लि, थांबा म्हणतो ना!"

"सर, साइटचे मालक, माझे मामा, त्यांचा फोन आला," तरुण शांतपणे म्हणाला. "मी रोज इथूनच जातो. मीच सांगितलं त्यांना. तुमचं आणि त्यांचं बोलणं झालं होतं ना, अल्वा?"

गुंडेरावांचे हात खाली आले. झाले होते, असे त्यांनी मान हलवून कबूल केले, आणि करवत पुन्हा सुरू झाली.

झाड पडायला फार वेळ लागला नाही. पडतानाही आवाज मोठा झाला नाही. बारीक पानांच्या झाडाचा आवाज तो केवढा असणार! मग जिथे इतकी वर्षे चाळलेली सावली होती, तिथे एकदम सपाट ऊन पडले आणि समोरच्या घरांची मागची बाजू, वाळत घातलेले कपडे, पाण्याची टाकी, सगळे उघडे दिसू लागले.

नर्मदाबाईंना वनजाने आणि एका शेजारणीने धरून फाटकापाशी आणले. गल्ली जमली होती. गुंडेराव कुंपणाला टेकून बोलले, कुणाकडेही न पाहता. "मालक दर वर्षी तोडतो म्हणायचा. मी त्याच्या हातापाया पडलो. तो म्हणाला, झाड राहू दे, पण देऊळ नको. आज कुंकू, उद्या दगड, परवा कट्टा, मग माझी साइट देवाची! पहिलं कुंकू दिसलं की तोडतो, एवढंच त्याचं म्हणणं. म्हणून दशमीला मी एकटा जायचो. म्हणून ह्या नर्मदाबाई चोरून फांदी न्यायच्या. आम्हा दोघांनाच ठाऊक. गल्लीला सांगावं तर गल्लीच्या तोंडाला झाकण कुठलं? माझ्या ध्यानात आलं तोवर प्रदक्षिणाच सुरू झाल्या होत्या."

"दिवा मी लावला," कुणीतरी मागून म्हणाले.

त्या शांताक्का होत्या. मुलगा वेंकटरमण याचे मंडी मोहल्ल्यात शिवणाचे दुकान. गेल्या वर्षीच हे कुटुंब इकडे राहायला आले होते. विठ्ठलाची माळ गळ्यात, बोटाला सुईची भोके, आणि दिसेल त्या देवाला हात जोडायची सवय. त्यांच्या ओंजळीत पदराचे टोक होते आणि त्या रडत होत्या.

"अवसेच्या संध्याकाळी देवळातून येत होते. बन्नी दिसली, बरं वाटलं, दिवा लावला. आम्ही तिकडं दिसेल त्या बन्नीला लावतो की हो! पण कुंकू तिथं आधीच होतं. कुणीतरी लावलेलं."

"कुणी लावलं असणार!" गुंडेराव कडाडले. "इतक्या वर्षांत त्या झाडाला कुंकवाचं बोट लागलं नाही. तुम्ही आलात नि लागलं."

शांताक्का गोंधळल्या. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. वनजा नर्मदाबाईंचा दंड धरून उभी होती. तिच्या तोंडात वाक्य तयार होते, अगदी लहान, दोन शब्दांचे. मी लावलं. जीभ टाळूला लागली आणि तिथेच राहिली.

"असेल," शांताक्का हळूच म्हणाल्या. "मीच लावलं असेल. अंधार होता. माझ्या हाताला सवयच ती."

"शांताक्का," नर्मदाबाई म्हणाल्या, "हात आवरता येत नसेल तर घरात ठेवावा माणसानं."

गर्दी पांगली. माणसे ओंडका करवतीखाली घेण्यापूर्वी बिडी ओढायला बसली होती. वनजा पाहायला गेल्यासारखी साइटवर गेली. आडव्या पडलेल्या खोडावर केशरी पट्टी अजून होती, कॉलेजच्या मुलींच्या दोऱ्यांच्या खाली, सगळ्यांत आधीची. तिने खाली वाकून गाठ सोडवली. गाठ तिनेच घट्ट बांधली होती, त्यामुळे नखे दुखली. पट्टी पोलक्यात खोवून ती परत आली. ते पोलके त्याच कापडाचे होते. हे तिच्या ध्यानात दारापाशी आल्यावर आले, आणि ती उंबऱ्यावर क्षणभर थांबली.

आता झाड तोडल्याचे पाप एक आणि पुरावा लपवल्याचे दुसरे. पहिल्यात निदान माया होती. दुसऱ्याला तिच्याजवळ कुठलेही सुंदर वाक्य नव्हते.

त्यानंतरच्या संध्याकाळी बायका हळदकुंकवाला येत, बाहुल्या पाहत, आणि वनापाशी आल्या की हात जोडत. गल्लीतली उरलेली बन्नी ती तेवढीच. "नर्मदाबाई, तुमच्या घरी तरी झाड राहिलं," म्हणत. नर्मदाबाई सुनेच्या पाठीवर हात ठेवत. "हिनं माझं ऐकलं. बोट लावलं नाही, आवाज केला नाही, फांदी घेऊन आली." तो हात वनजाच्या पाठीवर कोयत्यासारखा टेके. ती प्रसादाच्या उसळीच्या वाट्या भरायला आत पळे.

शांताक्कांच्या घरीही बाहुल्या होत्या. त्यांच्या बाहुल्यांचे कपडे सगळ्या म्हैसुरात नसतील इतके नेटके. राजाच्या जरीच्या फेट्याला आतून अस्तर. पण त्यांच्या दाराशी चपला दिसेनात. नळावरची थट्टा आता तिकडे वळली होती. "त्यांच्याकडं जाऊ नका गं, दिवा लावतील नि भिंत पडेल." सगळ्या हसत. वनजाही एकदा हसली. नकळत, सगळ्यांबरोबर. ते हसू घरी येईपर्यंत तिच्या तोंडाला चिकटून राहिले, आणि आरशात पाहिल्यावर ते तिला तिथे दिसले.

शनिवारी रात्री तिने नवऱ्याला सांगून पाहिले होते. दत्तोजीराव जांभई देत म्हणाले, "साइट त्याची, झाड त्याचं. आज ना उद्या तोडणारच होता. तू कशाला अंगावर घेतेस? सण आहे." तिला तो दिलासा हवाहवासा वाटला, आणि म्हणूनच तो खोटा आहे हे कळले. आज आणि उद्या यांच्यामध्ये एक झाड उभे होते. ते तिने पुसले होते.

फांदी वाळत चालली. सकाळी उठून पाहावे तो वनावर रात्रभर पानांची भुकटी पडलेली असे. तलकाडच्या वाळूवर, शेवाळावर, पलटणीच्या टोप्यांवर. नर्मदाबाई ती कुंचल्याने झाडायला सांगत. झाडताना वनजा प्रत्येक पान बोटाने उचलून वाटीत ठेवी. कशासाठी, ते तिला सांगता आले नसते.

खंडेनवमीच्या दुपारी शिवणयंत्राला हार घालून शांताक्का एकट्याच बसल्या होत्या, तेव्हा वनजा त्यांच्याकडे गेली. शांताक्कांनी लगबगीने चटई टाकली. एवढ्या दिवसांत दारी आलेली ही पहिलीच.

"शांताक्का, कुंकू मी लावलं होतं."

"कुठलं गं?"

"बन्नीला. तुमच्या दिव्याच्या आधी. सुपारी, अक्षता, कुंकू, सगळं मी ठेवलं. आत्याबाईंनी नको म्हणून बजावलं होतं, तरी ठेवलं."

शांताक्का तिच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांचा चेहरा विरघळला. त्यांनी वनजाचा हात दोन्ही हातांत धरला. "अय्यो, किती मोठं मन गं तुझं! माझ्यावरचं काढून स्वतःवर घ्यायला आलीस. नको, बाई. तू चांगल्या घरची सून. माझं काय? मी आता मनाशी धरून बसले ते बसले. रोज डोळे मिटले की माझंच बोट दिसतं मला, कुंकवाचं, त्या सालीवर."

"ते तुमचं बोट नाही."

"मला दिसतं म्हणते ना! आता स्पष्ट दिसतं. बस, चहा टाकते."

वनजाने न बोललेल्या दोन शब्दांच्या जागी या बाईच्या डोळ्यांत एक अख्खी आठवण उगवली होती, सालीसकट, बोटासकट. आणि आता खरे सांगितले तर तिचाच मोठेपणा वाढत होता. चहा पिऊन उठावे, आणि ही गोष्ट इथेच, गोड, संपून जावी, इतके ते सोपे होते.

तिने पट्टी काढून शांताक्कांच्या मांडीवर ठेवली.

"ही झाडाला बांधली होती मी. तोडल्यावर सोडून आणली. कुणी बघू नये म्हणून."

शांताक्कांनी पट्टी उचलली ती शिंप्याच्या बोटांनी. उलटी केली, सुलटी केली, ताणली, काठ उजेडाकडे धरला. वर पाहिले तेव्हा विरघळलेले सगळे घट्ट झाले होते.

"हे मी कापलेलं. काठाला माझी कात्री जरा तिरकी जाते." त्यांचा आवाज कोरडा होता. "उरलेलं कापड मी परत देते, ते पिशवीला, लेकराच्या टोपीला. झाडाला फास लावायला नाही."

"चुकलं माझं."

"ते चुकलं, ते राहू दे. श्रद्धेनं केलंस. मीही तसंच केलं असतं. पण फाटकापाशी मी रडत होते, तेव्हा तू कुठं होतीस?"

"तिथंच."

"तिथंच! गप्प?" शांताक्का उठल्या. "मी स्वतःला शिव्या घालत होते नि तू सासूचा दंड धरून उभी! वेंकटरमण म्हणाला, अम्मा, मंडी मोहल्ल्यात परत जाऊ. मी देवाला दिवा लावायचा सोडला, ठाऊक आहे? विठ्ठलासमोरसुद्धा काडी ओढवेना मला. एनु हुडगी तू, कसली पोर! आणि आज इथं दार लावून, माझ्या कानात सांगतेस."

"काय करू मी?"

"मला काय विचारतेस? जिथं मी रडले तिथं सांग. घे ही तुझी पट्टी."

चहा झाला नाही.

विजयादशमीच्या संध्याकाळी गल्ली नर्मदाबाईंच्या फाटकाशी जमली. दुसरीकडे बन्नी नव्हतीच. मार्केटातून आणता आली असती, पण कुणी आणली नाही. गुंडेराव सवयीने रिकामी पिशवी घेऊन आले होते आणि ती कुठे ठेवावी हे त्यांना कळत नव्हते. नर्मदाबाईंनी खुर्चीवरूनच शस्त्रांचे फडके उतरवून घेतले, तलवारी राजापुढे ठेवल्या, मग खुर्ची फाटकाशी हलवून घेतली आणि फांदी सुनेच्या हातात दिली. "तू आणलीस, तूच वाट. प्रत्येकाला दोन दोन येतील. सांभाळून, झडतात."

शांताक्का फाटकाच्या बाहेर रस्त्यावर उभ्या होत्या. आत आल्या नव्हत्या. गेल्याही नव्हत्या.

वनजाने फांदी घेतली. जिथे शस्त्रे टांगलेली होती तिथे, सगळ्यांदेखत, तिने केशरी पट्टी बांधली. बांधताना पाने गळत होती.

"ही माझ्या पोलक्याची पट्टी," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा निघाला. "अमावास्येच्या संध्याकाळी मी ही झाडाला बांधली. पहिलं कुंकू माझं. आत्याबाईंनी नको म्हटलं होतं. शांताक्कांनी नुसता दिवा लावला, माझं कुंकू बघून. इथं त्या रडल्या, तेव्हा मला सगळं ठाऊक होतं."

नळावर थट्टा करणाऱ्यांनी माना खाली घातल्या. गुंडेराव पिशवीची घडी घालू लागले. घालून झाल्यावर ती उलगडून पुन्हा घातली. वनजा नर्मदाबाईंकडे पाहण्याचे धैर्य गोळा करत होती.

"कारण सांगितलं नाही, तेवढं माझं," नर्मदाबाई शेवटी म्हणाल्या. त्या फांदीकडे पाहत होत्या, सुनेकडे नाही. "बाकीचं तुझं. आणि शांताक्कांना मी जे बोलले, ते माझं. ते मी माझ्या पायांनी जाऊन फेडीन, गुडघे जाऊ देत. आता उभी काय राहिलीस? पानं गळतायत. आधी फाटकाबाहेर जा."

वनजा रस्त्यावर आली. समोर साइटवर सपाट उजेड होता, आणि त्या उजेडात शांताक्का. दरवर्षीचे वाक्य म्हणायचे होते, गल्लीभर कन्नडात म्हणतात ते: बन्नी घ्या, सोन्यासारखे राहू. "बन्नी तगोंडु," असे म्हणून ती थांबली. पुढचा बंगार हा सोन्याचा शब्द तिच्याने म्हणवेना. दोन पाने तिने तशीच पुढे केली.

शांताक्कांनी हात पुढे केला नाही. मग केला.

"पान म्हणून घेते," त्या म्हणाल्या. "सोन्याचं पुढं बघू." पदराच्या टोकात पाने बांधून, कुणाकडेही न पाहता त्या घराकडे वळल्या. पण चार पावलांवर थांबून मोठ्याने म्हणाल्या, "नर्मदाबाई, गुडघे घेऊन येऊ नका. मी सकाळी येते, राणीच्या साडीचा काठ उसवलाय." आणि गेल्या. थोड्या वेळाने त्यांच्या खिडकीत दिवा लागलेला वनजाने पाहिला.

वाटप झाले. वाटीत जमवलेली पानेही त्यात गेली. कुणी "बंगारासारखं राहूया" म्हणाले, कुणी नुसतीच मान हलवली. ज्याला पाने मिळत त्याच्याकडे परत द्यायला काही नव्हते, कारण सगळी एकाच फांदीवरची. त्यामुळे वनजाचा तळहात शेवटी रिकामाच राहिला.

दुसऱ्या सकाळी शांताक्का राणीच्या साडीचा काठ शिवून गेल्या, मग बाहुल्या निजवल्या. राजाराणी धोतराच्या घडीत गेली, पलटण कापसात. मग वन मोडायचे. नाचणी कुंडीत टाकली, वाळू रुमालात बांधली, शेवाळ भिंतीवर नेऊन दाबले; ते धरते की नाही, कुणास ठाऊक. मधे उरली ती काटकी झालेली फांदी आणि तिच्यावरची केशरी पट्टी.

वनजाने गाठीला हात घातला. "ही टाकू?"

"वन दरवर्षी नवं असतं," नर्मदाबाई म्हणाल्या. त्यांनी ट्रंकेतले एक धोतर काढून मांडीवर पसरले. "पण हे राहू दे. आण इकडं. बाहुल्यांबरोबर ठेवते. पुढच्या वर्षी मांडताना लागेल."